डाव्या पायाचा चंद्र

हाव्रेलुंड गावातल्या चर्चमागच्या दफनभूमीत सकाळी पहिलं पाऊल टाकणाऱ्याला थोडं अपराध्यासारखं वाटतं. वाटांवरची बारीक खडी थोर्किल्डने दंताळ्याने अशी ओढून ठेवलेली असते, की त्या सरळ रेघांवर पाय द्यायला मन धजत नाही. प्रत्येक कबरीभोवती गुडघ्याएवढं हिरवं कुंपण आणि आत नावाचा दगड. रविवारच्या प्रार्थनेला गावातली मोजकी डोकी येतात, पण आजीच्या कबरीवरचं कुंपण बोटभर वाढलं तर त्याच संध्याकाळी चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष प्रेबेन याचा फोन वाजतो. देवाच्या बाबतीत हे गाव ढिलं आहे, कुंपणाच्या बाबतीत नाही.

थोर्किल्ड या जागेचा राखणदार. कबरी खणणं, बुजवणं, गवत कापणं, कुंपणं छाटणं आणि सकाळ-संध्याकाळ चर्चची घंटा वाजवणं, एवढं त्याचं काम. फारसा बोलका नाही. गावातल्या बायका म्हणतात, थोर्किल्डकडून दोन वाक्यं हवी असतील तर आधी मरावं लागतं, मग तो कबरीपाशी उभा राहून बोलतो. त्याला गर्व असलाच तर एका गोष्टीचा. त्याच्या ट्रॅक्टरच्या चाकाची खूण तिथल्या गवतावर कधी कोणी पाहिलेली नव्हती.

एक खूण सोडून. पण ती तो राखणदार होण्याआधीची, आणि तिच्यामुळे तर त्याला बायको मिळाली.

तेव्हा तो एका शेतावर गडी होता. जुना राखणदार लाऊरिट्स याने पडलेलं झाड ओढून न्यायला त्या शेतावरचा ट्रॅक्टर मागवला आणि थोर्किल्ड बीटाच्या रानातून तसाच निघून आला. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. रस्त्यावर जाताना दोन्ही पेडलं एका खिटीने जोडायची, म्हणजे चाकं बरोबरीने थांबतात. रानात खिटी काढून ठेवायची. सरी संपली की एकाच बाजूचा ब्रेक दाबायचा. ते चाक जागच्या जागी अडतं आणि सगळा ट्रॅक्टर त्याच्याभोवती गर्रकन वळतो. रानात काम करणाऱ्याच्या पायाला हे इतकं अंगवळणी पडतं की डोक्याला विचारायची गरज उरत नाही. थोर्किल्ड खिटी जोडायला विसरला आणि कबरींच्या शेवटच्या रांगेशी आल्यावर, सरी संपल्यासारखा, त्याचा पाय आपसूक एका पेडलवर पडला. ट्रॅक्टर वळला. अडलेल्या चाकाने भिंतीजवळच्या मखमली हिरवळीत हातभर लांबीची काळी कोर कापून काढली.

लाऊरिट्सने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मग म्हणाला, "पोरा, हे बीटाचं रान नाही. इथल्यांना उपटायचं नसतं."

त्याची मुलगी आस्ता घरातून बादलीभर माती आणि बी घेऊन आली, गुडघ्यावर बसली आणि थोर्किल्डकडे न बघता ती कोर भरू लागली. गवताच्या बियाण्याऐवजी तिने हात घातला तो मधमाश्यांसाठी आणलेल्या क्लोव्हरच्या बियांच्या पिशवीत. जूनमध्ये साऱ्या हिरवळीत तेवढी कोर तिपानी उगवली आणि पांढऱ्या फुलांनी भरून गेली. आस्ता सायकल मारत थेट शेतावर गेली आणि भर दुपारी सगळ्या गड्यांसमोर म्हणाली, "तुझा चंद्र उगवलाय. बघायला येणार आहेस, की आम्हीच बघत बसायचं?"

तो आला, आणि नंतर कायमचाच आला. लाऊरिट्सने तो चंद्र उपटायचं बऱ्याचदा मनावर घेतलं, पण आस्ताने हात लावू दिला नाही. कोरीची दोन्ही टोकं राखणदाराच्या घराकडे वळलेली होती. तो माझ्याकडे बघतो, असं ती म्हणायची.

वळायचं कसं ते लाऊरिट्सनेच त्याला शिकवलं. म्हणाला, ब्रेक दाबायचा नाही, चाकाला फक्त आठवण द्यायची. एका चाकाला जराशी आठवण दिली की ते हळू होतं, दुसरं पुढे जातं, आणि ट्रॅक्टर गवताला न दुखावता वळतो. पेडलवर पाय ठेवायचा, वजन नाही. थोर्किल्डला हे जमायला दोन उन्हाळे लागले, पण एकदा जमल्यावर तो कबरींच्या मधून असा वळायचा की पाठीमागे गवत सरळ उभं राहायचं. "आठवण दे" हा त्या घरातला शब्दच होऊन बसला. जेवताना आस्ताने बटाटे जास्त वाढले तर तो म्हणायचा, आठवण दे गं, ब्रेक दाबू नकोस.

पुढे त्याचा डावा पाय कमरेपासून दुखायला लागला. जन्मभर फावडं मारून मणक्यात शीर दबली होती. जुन्या ट्रॅक्टरचा क्लच दाबताना त्याचा चेहरा कसा होतो ते प्रेबेनने एकदा पाहिलं आणि मंडळाने छोटा नवा ट्रॅक्टर घेतला, हायड्रोस्टॅटिक, तेलाच्या दाबावर चालणारा. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. उजव्या पायाखालचं पेडल दाबलं की चालू लागतो, पाय उचलला की उभा राहतो. प्रेबेनने स्वतः किल्ली आणून दिली.

"डाव्या पायाला आता पेन्शन," तो म्हणाला.

थोर्किल्डने आभार मानले. उजवा पाय चालवण्यात गुंतल्यामुळे या यंत्रात दोन्ही ब्रेक डाव्या पायाखाली आले होते, म्हणजे पेन्शन राहिली बाजूला, आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम आता त्याच पायाला शिकायचं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. इतक्या प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? एक हिवाळाभर चर्चमागच्या मोकळ्या पटांगणात त्याने डाव्या पायाला उजव्याची विद्या शिकवली आणि पाय शिकलाही.

मग पाय दुखायचा थांबला. थोर्किल्डला वाटलं, बरा झाला. एका संध्याकाळी त्याने बूट काढला तर आत खडीचा धारदार तुकडा होता आणि मोजा रक्ताने भिजलेला. दिवसभर तो त्या तुकड्यावर चालला होता. त्याने मोजा नळाखाली धुतला, वाळत घातला आणि गप्प राहिला.

गप्प राहायला कारणही होतं. त्याच वसंतात आस्ताच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी आता घरीच राहू दे म्हणून सांगितलं होतं. तिचा पलंग खिडकीपाशी हलवला. तिथून सगळी दफनभूमी दिसायची आणि भिंतीजवळचा क्लोव्हरचा चंद्रही. तिने आपल्या कबरीसाठी जागा निवडली ती तीच, तिच्या बापाच्या दगडाशेजारी.

"तिथे खण माझी," ती म्हणाली होती. "आणि तूच खण. शहरातल्या माणसाचं मोठं यंत्र बोलावू नकोस."

"मीच खणेन," थोर्किल्ड म्हणाला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. कोणाला विचारायचं नव्हतं.

ऑक्टोबरात ती बरीच खंगली. जीभ तेवढी शाबूत होती. एका सकाळी तो कॉफी ओतत असताना तिने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "उत्तरेच्या कुंपणापाशी एक चंद्र उगवलाय."

"चिचुंद्रीने उकरलं असेल."

"चिचुंद्री ट्रॅक्टर चालवायला लागली का आता?"

थोर्किल्डने कप तिच्या हातात दिला.

"घंटेच्या मनोऱ्यापाशी दुसरा आहे. त्यावर तू पानं पसरलीस परवा. पानं काय, वाऱ्याने उडाली." तिने घोट घेतला. "पाय कधीपासून गेलाय?"

"गेला नाहीये. जरा झोपलाय."

"तू मोजा धुतलास ना, तेव्हाच कळलं मला. इतक्या वर्षांत कधी मोजा धुतला नाहीस तू. आणि धुतलास तोही एकच."

आस्ताने कप खिडकीत ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाली, "माझी बोडिलला खणू दे."

बोडिल ही त्याची मदतनीस. चाळिशीची, धिप्पाड, आधी दूधगोठ्यावर काम केलेली बाई. तिचा हात चांगला होता.

"नाही," थोर्किल्ड म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"तेव्हा तुला दोन पाय होते. त्या कोपऱ्यात एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कुंपण. अडकून उलटलास तर पाद्रीणबाईंना एकाच दिवशी दोन कामं. बिचारीला कॉफीला वेळ मिळायचा नाही."

"आस्ता, मी तुला कुठे नेलं नाही. फिरायला माल्योर्का बेटावर जाऊ म्हणालो होतो, तेही राहिलं. घरात पोर खेळलं नाही. मला हे एकच काम येतं, आणि ते तुझ्यासाठी करायचं तेव्हा दुसऱ्याला देऊ?"

एका दमात इतकं बोललेला नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला असावा. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बाबांसारखाच हट्टी झालायस. बरं. मग सावकाश वळ. मी काही कुठे पळून जात नाही."

त्यानंतर तो रोज मागच्या पटांगणात जाऊन डाव्या पायाला तालीम देऊ लागला. कधी जमायचं. बहुतेक वेळा पायाला वाटायचं आठवण दिली, आणि चाक पुरतं अडलेलं असायचं. पटांगणभर काळ्या कोरी पडल्या. आस्ता ते बघत असणार, पण तिने त्यावर एकही टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

ती गेली नोव्हेंबरात, तो सकाळची घंटा वाजवत असताना. परत येऊन पाहिलं तर चेहरा खिडकीकडे वळलेला होता. शेवटचा टोल तिच्या कानावर पडला की नाही, हे त्याला आता कधीच कळणार नाही. रिवाजाप्रमाणे त्याने खिडकी उघडली, जीवाला बाहेर जायला वाट म्हणून. थंड हवा आत आली. तो पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला.

कबर खणायच्या दिवशी गवतावर पांढरं दहिवर होतं. थोर्किल्डने आधी गुडघ्यावर बसून हिरवळीचे चौकोनी तुकडे कापले आणि भिंतीकडच्या बाजूला फळ्यांवर मांडून ठेवले. चंद्र त्या जागेच्या मधोमधच होता, त्यामुळे त्याचेही तुकडे झाले. मग तो ट्रॅक्टरवर चढला. मागे खणायचा पंजा जोडलेला होता. बोडिल कुंपणाच्या टोकाशी हात खिशात घालून उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. पटांगण तिनेही पाहिलं होतं.

सरळ वाट नीट पार पडली. कुंपणाच्या टोकाशी डावीकडे वळायचं होतं. इतक्या वर्षांत थोर्किल्डने वळताना कधी पायाकडे पाहिलं नव्हतं. आज मान वाकवून पाहावं लागलं. बूट पेडलवर होता. बूट दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. त्याने हलकी आठवण दिली, निदान त्याच्या मनाने तरी. डावं चाक खाडकन अडलं, ट्रॅक्टरचं तोंड गर्रकन फिरलं आणि थेट लाऊरिट्सच्या दगडावर चालून गेलं. सोड, त्याने पायाला सांगितलं. पायाने सोडलं नाही.

मग त्याने उजवा पाय उचलला. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला, दगडापासून वीतभर अंतरावर. पाय उचलला की उभा राहतो, त्या यंत्राचा एवढाच गुण त्या दिवशी कामी आला.

बोडिल जवळ आली. "उतरतोस?"

"डावा उठत नाहीये," थोर्किल्ड म्हणाला. माणसापुढे ही गोष्ट तो पहिल्यांदा कबूल करत होता, आणि ज्या माणसाला आधी सांगायला हवी होती ते घरात शवपेटीत झोपलेलं होतं.

बोडिलने त्याचा बूट दोन्ही हातांनी धरला आणि पेडलवरून उचलून खाली ठेवला, गोठ्यात गायीचा खूर उचलावा तितक्या सवयीने आणि जपून. त्याला धरून उतरवलं. चाकाखाली नखाएवढी माती उकरली गेली होती, ती तिने बुटाने दाबून टाकली. मग स्वतः वर चढली.

"दाबू नकोस," तो खालून म्हणाला. "आठवण दे."

तिने ट्रॅक्टर मागे घेतला आणि वळवला. गवताला ओरखडाही आला नाही. थोर्किल्डला तिचं कौतुक वाटलं. आस्ताची कबर दुसऱ्याने खणली, आणि ती नीट खणली. तो बाजूला उभा राहून पंज्याने उचललेली माती बघत राहिला. दुसरं काही करण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाव आलं, गाणी झाली, पेटी खाली उतरली. पाद्रीणबाईंनी तीनदा माती टाकली. मग मंडळी कॉफीला सभागृहात गेली आणि कबर बुजवायला थोर्किल्ड आणि बोडिल मागे राहिली. प्रेबेन त्याला न्यायला परत आला तेव्हा थोर्किल्डने मानेनेच नको म्हटलं. माती बोडिलने ढकलली, ठोकून बसवली. हिरवळ बसवायला तिने वाकून पहिला तुकडा उचलला.

"राहू दे," थोर्किल्ड म्हणाला. "हे माझं."

तो भिंतीच्या अंगाला गुडघ्यावर बसला. दिवस कलला होता, गवत आणि क्लोव्हर दोन्ही करडीच दिसत होती. तो एकेक तुकडा उचलून बोटांनी चाचपायचा. जिथे पात्याऐवजी बारीक गोल पानं लागतील तो चंद्राचा तुकडा. तसे वेगळे काढायचे, कडेला कड लावून बघायची, जुळली नाही की दुसरा घ्यायचा. हातांना सगळं लागत होतं, थंडीने बधिर होऊनसुद्धा. पायाने विसरलेलं हातांनी भरून काढायचं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

"उद्या उजेडात करू या," बोडिल म्हणाली.

"उद्या नाही."

ती गेली नाही. सभागृहातले दिवे लागले, कॉफी पिऊन लोक आपापल्या घरी निघाले, तरी ती तिथेच उभी राहून तुकडे हातात देत राहिली. शेवटी कोर पूर्ण झाली. थोर्किल्डने तिच्यावरून तळवा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठे खंड नव्हता. मग दोघांनी हिवाळ्यातला रिवाज म्हणून कबर सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांनी झाकून टाकली.

ट्रॅक्टरची किल्ली त्याने त्याच संध्याकाळी बोडिलला दिली. प्रेबेन म्हणाला, खडी आणि घंटा तुझीच. हिवाळाभर तो खडी ओढत राहिला, घंटा वाजवत राहिला आणि घरी आल्यावर खिडकीपाशी बसून त्या फांद्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. त्याखाली आपलं एक काम नीट झालेलं आहे, एवढा एक आधार त्याला होता. हा आधार फार मोठा होता, असं बोडिल नंतर म्हणाली.

ईस्टरच्या आधी फांद्या काढल्या. खालचं गवत पिवळं पडलेलं होतं, त्यात काही ओळखू येईना. मे महिन्यात हिरवळ धरली. जूनमध्ये एका सकाळी थोर्किल्ड घंटा वाजवून आला, खिडकीपाशी बसला आणि त्याला चंद्र दिसला, पांढऱ्या फुलांनी भरलेला, कुठेही न तुटलेला.

पण तो घराकडे बघत नव्हता. दोन्ही टोकं भिंतीकडे वळलेली होती आणि पाठ खिडकीकडे. अंधारात, भिंतीच्या बाजूला बसून, तुकड्याला तुकडा जोडण्याच्या नादात त्याने सगळा चंद्र उलटा लावला होता.

दुपारी बोडिल आली. तिलाही दिसलं होतं. "उचलून फिरवू या," ती म्हणाली. "एका सकाळचं काम आहे."

"नको. आता मुळं धरलीयत."

ती गेली. थोर्किल्ड आस्ताच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसला. अशा वेळी ती काय म्हणाली असती, ते त्याने आठवून पाहिलं. नक्की काहीतरी झणझणीत म्हणाली असती, अख्ख्या उन्हाळ्याला पुरेल असं. त्याने बरेच शब्द जुळवले, पण त्याच्या डोक्यात तिचे शब्द येईनात, सगळे त्याचेच होते.

त्या संध्याकाळी घंटा वाजवून झाल्यावर त्याने स्वयंपाकघरातली तिची खुर्ची उचलली, वळसा घालून भिंतीच्या बाजूला नेली आणि तिथे मांडली. आता तो रोज संध्याकाळी तिथे बसतो. गावाने ते पाहिलंय आणि कुंपणाच्या बाबतीत इतक्या कडक असलेल्या या गावातून त्या खुर्चीबद्दल प्रेबेनला एकही फोन आलेला नाही.

पहिल्या दिवशी बसल्यावर तो हळूच म्हणाला, "उलटा लागला, आस्ता."

मग सवयीने मान वर करून त्याने उत्तराची वाट पाहिली. समोर चंद्र होता, त्याच्या पलीकडे घर होतं आणि खिडकीत कोणी नव्हतं.